तारण काय देणार?

बी.कॉम. झालेल्या माणसाला कुठल्याही गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसतात, असा लोकांचा समज आहे. तो खरा आहे. डावीकडे डेबिट, उजवीकडे क्रेडिट. या दोन बाजू जुळल्या की आम्हांला शांत झोप लागते. न जुळल्या तर आम्ही रात्री आठपर्यंत बँकेत बसून एकवीस पैसे शोधतो. जगात तिसरी बाजू असते, हे मला कळायला वयाची चाळिशी उलटावी लागली. आणि तेही कुठल्या ग्रंथातून कळलं नाही. एका पिठाच्या डब्यातून कळलं.

मी बँकेत कारकून आहे. मधल्या काळात आम्हांला कारकून म्हणेनासे झाले, 'सिंगल विंडो ऑपरेटर' म्हणू लागले. पदाला खिडकी मिळाली. वारा मात्र अजून यायचा आहे. तर, २०१८ साली या खिडकीसकट माझी बदली साताऱ्याहून माणदेशातल्या एका गावी झाली. माणदेश म्हणजे साताऱ्याचा पूर्वेचा दुष्काळी भाग. पाऊस तिकडे पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेता जातो. आमची शाखा म्हणजे मॅनेजर, एक ऑफिसर, आम्ही दोन कारकून, एक शिपाई आणि एक छपाई यंत्र. यांपैकी फक्त शिपाई वेळेवर चालायचा.

मुलांच्या शाळेमुळे बिऱ्हाड साताऱ्यालाच ठेवलं होतं. जेवणाची सोय शेजारच्या आजींनी केली. अट एकच, "भाकरी मी थापीन, पीठ तुमचं." म्हणून मी बाजाराच्या दिवशी ज्वारी घ्यायचो आणि डबा घेऊन गिरणीत जायचो. स्टीलचा डबा. लग्नात आलेला. त्यावर सौभाग्यवतीच्या मामांचं नाव एवढ्या ठसठशीत अक्षरांत कोरलेलं, की सगळं गाव काही दिवस मला त्याच नावानं ओळखत होतं.

गिरणी कोण्या एका मावशींची होती. यजमान गेल्यावर त्याच चालवत. पापण्यांपर्यंत पांढऱ्या झालेल्या असायच्या, त्यामुळे त्यांचं वय कळायचं नाही. गावात ग्रामपंचायत होती, पण खरी ग्रामसभा गिरणीत भरायची. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या पोरीची शाळा सुटली, कुणाचं दुखणं अंगावर काढणं चाललंय, कुठल्या मळ्यात कांदा काढायला बाया हव्यात, हे सारं दळण उतरेपर्यंत ठरून जायचं. पट्ट्याच्या आवाजात सगळ्या एकाच वेळी बोलायच्या आणि सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. आमच्या स्टाफ मीटिंगमध्ये एकेकजण बोलतो आणि कुणालाच काही ऐकू येत नाही.

एके दिवशी गिरणीची मोटर जळली. माझा डबा आत अडकला.

दुसऱ्या दिवशी मावशी बँकेत आल्या. पीठ झटकलेल्या मावशी मी प्रथमच पाहत होतो, पन्नाशीच्याही नव्हत्या. नवी मोटर, पट्टा आणि दगडांना टाकी लावणं असा सगळा मिळून अडतीस हजारांचा खर्च होता. मॅनेजरसाहेब मीटिंगला गेले होते. मी खुर्चीत ताठ बसलो आणि माझ्या तोंडून तो प्रश्न बाहेर पडला.

"तारण काय देणार?"

आता खरं सांगतो. २०१५ सालच्या ८ एप्रिलला मुद्रा योजना सुरू झाली. त्यात पन्नास हजारांपर्यंतच्या कर्जाला 'शिशु' म्हणतात आणि शिशूकडे कुणी तारण मागत नाही. हे परिपत्रक मीच फाइलला लावलं होतं. फाइलला लावलेली गोष्ट डोक्यात ठेवायची नसते, हा आमचा जुना शिरस्ता. कर्ज म्हटलं की जीभ आपोआप तारणाकडे वळते.

"गिरणी हाय की," मावशी म्हणाल्या.

"पण ती बंद आहे ना?"

"म्हणून तर कर्ज पायजे."

यावर बी.कॉम.च्या तिन्ही वर्षांत उत्तर नव्हतं. मी विषय बदलून सातबारा मागितला. तो त्या घेऊनच आल्या होत्या. त्यावर चौदा नावं होती. दोघं वारलेले, तिघं मुंबईला, एकाचा पत्ता नाही, आणि मावशींचं नाव कुठेच नाही. मी "बघू" म्हणालो. बँकेत 'बघू' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो. त्या उठल्या.

पुढचे तीन दिवस मी पावाला बिस्कीट लावून खाल्लं. दुसरी गिरणी आठ किलोमीटरवर. गावातल्या बाया डोक्यावर दळण घेऊन एस.टी.ची वाट पाहत उभ्या राहू लागल्या. एका दळणापायी अर्धा दिवस जाई, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे, शिवाय तिकीट. हा खर्च कुठल्याही ताळेबंदात येत नाही. चौथ्या दिवशी आजींनी मला अंगणात गाठलं.

"मास्तर, तुमी तिला कागद मागितला म्हणं?" बँकेतल्या माणसाला आजी मास्तरच म्हणत. लिहिणारा तो मास्तर.

"नियम असतो, आजी."

"मग शनवारी गटात या. आमचा बी नियम बघा."

गट म्हणजे बचत गट. त्यांचा कर्जाचा अर्ज आमच्या कपाटात पडलेला होताच. मॅनेजरसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "जा, पाहणी करून या. आणि काही बोलू नका." साहेब मला ओळखून होते.

माझ्या डोक्यात बँकिंगचा इतिहास परीक्षेपुरता होता. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण, १९७५ साली ग्रामीण बँका, १९८२ साली नाबार्ड, १९९२ साली नाबार्डनं बचत गट बँकांना जोडायला घेतले. तारखा पाठ होत्या. यातलं प्रत्येक पाऊल बँकेनं गावाकडे का टाकलं, हा प्रश्न पेपरात नव्हता, म्हणून मी तो विचारला नव्हता. आमच्या शाखेपासून फार लांब नसलेल्या म्हसवडला तर बायांनी स्वतःची बँकच काढली. चेतना सिन्हा यांच्या पुढाकारानं. पहिल्या खेपेला रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला, कारण कागदावर अंगठे होते. मग बाया लिहायला-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हांला वाचता येत नव्हतं, पण हिशेब येतो. व्याज काढायला सांगा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय काढू द्या. १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली. ही गोष्ट मला माहीत होती. मी तिला कौतुकाची गोष्ट समजत होतो. ती धोक्याची सूचना होती, हे शनिवारी कळलं.

गटाची बैठक बंद गिरणीच्या ओट्यावर होती. बारा बाया, मधोमध पत्र्याची पेटी. नववीतली एक पोर इतिवृत्त लिहीत होती. दरमहा प्रत्येकी शंभर रुपये बचत, तीन वर्षं, एकही खाडा नाही. पैसे जवळजवळ सगळे बायांकडेच फिरत होते. कुणाची शेळी, कुणाच्या पोराची फी, कुणाचं बाळंतपण. पेटीत शिल्लक सहा हजार. बँकेकडून गटाला लाखभर हवे होते. अडतीस मोटरीला, बारा शिलाई मशीनला, पन्नास शेळ्यांना. गट ते सभासदांना महिना शेकडा एकानं देणार.

मी खिशातून कॅल्क्युलेटर काढला. "मोटरीचे महिना दोन हजार मुद्दल म्हटलं तर एकोणीस हप्ते. एकूण व्याज किती होईल, ते पाहू."

मी आकडे दाबत असताना आजी तपकिरीची डबी उघडत म्हणाल्या, "पयल्या महिन्याला तीनशे ऐंशी, शेवटच्याला वीस. मधला धरला तर दोनशे. एकुणीस येळा. तीन हजार आठशे."

माझ्या यंत्रानं तीन हजार सातशे ऐंशी दाखवले. शेवटचा हप्ता मी दाबलाच नव्हता. नववीतल्या पोरीनं तो दाबून दाखवला.

पण खरी बैठक पुढेच होती. एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "माझी हरकत हाय." सगळ्या गप्प. "मोटर घेऊ. पर गल्ल्याची चावी कुणाकडं? तिचा पोरगा संध्याकाळी गल्ला उघडतो आन् पारावर पत्ते कुटतो. आमचं पैसं पत्त्यात जायचं न्हाईत."

मावशींनी मान खाली घातली. सगळ्या गावासमोर आईनं असं काही ऐकणं सोपं नसतं. मीसुद्धा चुळबुळलो. आमच्या अर्जाला सोळा पानं आहेत. त्यांत अर्जदाराच्या वडिलांचं नाव तीन ठिकाणी लिहावं लागतं, पण गल्ल्याची चावी कुणाकडे असते, हे एकाही ठिकाणी विचारलेलं नाही. कर्ज देताना माणसाचं कॅरेक्टर, कपॅसिटी आणि कॅपिटल पाहावं, असं आम्ही कॉलेजात घोकलं होतं. हे तीन 'सी' मी पुस्तकात पाहिले होते. ओट्यावर बसलेले प्रथमच पाहिले.

बऱ्याच वेळानं मावशींनी कनवटीची चावी काढून दाखवली. "परवापासनं माझ्याकडंच हाय," त्या म्हणाल्या. "मोटर जळली तवा पोरगं बी रडलं."

"मग त्याला रोजचा हिशेब लिवायला लाव," आजींनी निकाल दिला. "आन् हिचा हप्ता तटला, तर आपण भरायचा. गिरणी बंद पडली तर आपल्याच डोक्यावर दळण येतंय." बारा हात वर झाले. तारण म्हणतात ते हेच असावं. पण ते कपाटात ठेवता येत नाही, म्हणून आमच्याकडे त्याचा रकाना नाही.

मी सोमवारी साहेबांना सगळं सांगितलं. काही बोलू नका म्हटलं असूनही बोललो. साहेबांनी कर्ज मंजूर केलं. दिवाळीनंतर मोटर बसली, आणि जानेवारी २०१९ पासून हप्ते सुरू झाले. पोरगा वही घेऊन गल्ल्याशेजारी बसू लागला. अक्षर भयानक, हिशेब बरोबर.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि तिच्याबरोबर रिझर्व्ह बँकेची हप्ते पुढे ढकलण्याची सवलतही. मी तोंडाला रुमाल बांधून उत्साहानं ती सांगायला गेलो. आजींनी एकच प्रश्न विचारला.

"हप्ता थांबला की व्याज बी थांबतं?"

"नाही. ते चालूच राहतं."

"मग आपण का थांबायचं?"

गिरणी चालू होती. माणसं घरात बसली तरी भाकरी बंद होत नाही. पण शिलाईवालीचं काम साफ थांबलं होतं. तिचे तीन हप्ते गटानं शिलकीतून भरले. तिनं पुढे मुखपट्ट्या शिवून ते फेडले. मोटरीचा एकोणिसावा हप्ता जुलैत आला, ठरल्या तारखेला. त्या वर्षी आमच्या शाखेची थकबाकीची यादी लांबलचक होती. तिच्यात मोठी मोठी तारणं दिलेली मोठी मोठी नावं होती. या बारा जणींपैकी एकही नव्हती.

पुढे दोन वर्षांनी माझी साताऱ्याला परत बदली झाली. निघायच्या आदल्या संध्याकाळी डबा आणायला गिरणीत गेलो. पीठ तयार होतं. पैसे काढले, तर मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. लिवून ठिवलंय." पीठ त्यांनी पिशवीत भरून हातात दिलं आणि डबा मात्र फळीवर ठेवला.

"डबा?" मी विचारलं.

"तो हितंच ऱ्हाऊ द्या," पांढऱ्या पापण्या किंचित हलल्या. "मागारी याल, याला कायतरी तारण नको का?"

सौभाग्यवती अजून त्या डब्याची चौकशी करते. मामांचं नाव आहे त्यावर. मी दर वर्षी एकदा जातो, उधारी देतो म्हणतो, नवी उधारी करून येतो. डबा काही सुटत नाही.