धूर सरल्यावर

बॉस्टनला आम्ही घेतलेल्या भाड्याच्या जागेत स्वयंपाकाला विजेची शेगडी होती आणि बाहेरच्या खोलीत विटांची जुनी फायरप्लेस. भाडेकरारातलं मी भाडं, अनामत आणि सहीची जागा एवढंच वाचलं होतं. फायरप्लेस फक्त शोभेची आहे, तिच्यात काहीही पेटवायचं नाही, हे कलम घरमालकाने मला नंतर वाचून दाखवलं. सावकाश, दोनदा.

चंपाषष्ठी आली. आमच्याकडे खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य असतो. विजेच्या शेगडीवर वांगं भाजत नाही, नुसतं शिजतं. उन्हाळ्यातल्या बार्बेक्यूचा लोणारी कोळसा उरला होता. म्हटलं, एवढी चूल घरात असताना ओव्हनकडे कशाला बघायचं?

पेटवला, तर धूर सगळा खोलीत. आत हात घालून चाचपल्यावर धुराड्याची झडप सापडली, डॅम्पर. ती उघडली आणि धूर वर गेला. वांग्याची साल तडकून रस निखाऱ्यांवर ठिबकू लागला तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. राखेत रोडगेही पुरले.

मग ती चूक केली. आमची आजी वाईला शेगडी अंगणात पेटवायची. "धूर सरला की आत आण," एवढाच तिचा नियम. इथे निखारे लालबुंद झाले, धूर सरला. बाहेर बर्फ, ऊब वर निघून जाते म्हणून मी डॅम्पर लावून टाकला. आजीच्या घरावर कौलं होती, दारं दिवसभर सताड उघडी असायची, हे काही आठवलं नाही. आमच्या खिडक्यांना तर मी स्वतः प्लास्टिक चिकटवलं होतं.

अर्ध्या तासाने बायको म्हणाली, "अरे, डोकं फार जड झालंय." मी म्हटलं, उपास आहे ना, म्हणून. तेवढ्यात पॅसेजमधला अलार्म वाजू लागला: चार टिट, थांबा, पुन्हा चार. फोडणीला वाजतो तोच समजून मी त्याला टॉवेलने वारा घालत बसलो. हा धुराचा नव्हता, कार्बन मोनॉक्साइडचा होता. या वायूला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त जोराने चिकटतो. धूर नसलेल्या निखाऱ्यांतूनही तो निघतच राहतो.

वरच्या मजल्यावरच्या बाईंनी फोन केला. अग्निशमन दलाचा माणूस हातात मीटर घेऊन आला, आकडा बघितला आणि काही न विचारता त्याने आधी आम्हाला इमारतीबाहेर काढलं. रुग्णवाहिकेत बायकोला ऑक्सिजन लावला. वरच्या बाई कडेवर तान्हं पोर घेऊन फुटपाथवर उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मॅसॅच्युसेट्समध्ये २००६पासून कायद्याने सक्तीचा आहे. २००५च्या जानेवारीत बर्फाने हीटरची नळी बुजून ७ वर्षांची एक मुलगी गेली. तिच्याच नावाने तो कायदा ओळखतात. मी त्या अलार्मला वारा घालत होतो.

निखारे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून अग्निशमन दलाच्या माणसांनीच बाहेर नेले. रात्री परत वर आलो तेव्हा सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, माझं प्लास्टिक फाटून फडफडत होतं. नैवेद्य देवापुढे तसाच होता, गारढोण. कोट अंगात ठेवूनच आम्ही जेवायला बसलो. भरीत, खोटं कशाला सांगू, उत्तम झालं होतं. बायकोने ते ताटाच्या कडेला सारून ठेवलं.