पाणी कुठं जातं

बाबा मैलकुली होते. रस्त्याचा ठरलेला तुकडा त्यांच्याकडे असे आणि सोबतीला फावडं, घमेलं, टोपलं. पाऊस लागला की गाव घरात शिरायचं आणि बाबा डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बाहेर पडायचे. साइडपट्टीवर मातीची कड साचलेली असे. ती फावड्यानं कापून ते पाण्याला वाट करून देत. पाऊस थांबल्यावर का जात नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "पानी कोठं अडते, थे पाऊस चालू असतानाच दिसते गा."

पुढे मी स्थापत्याची पदविका घेतली आणि सगळी नोकरी रस्त्यांच्या कामात काढली. पुस्तकं वाचली, इंडियन रोड्स काँग्रेसचे नियम पाठ केले. तरी बाबांच्या त्या एका वाक्यापलीकडे फारसा गेलो असं मला वाटत नाही. डांबराचा खरा शत्रू पाणी आहे. गिट्टीला धरून बसलेलं डांबर पाण्यामुळे सुटतं, मोकळी गिट्टी चाकाखाली उडते आणि खड्डा उघडा पडतो. गाड्या त्यानंतर येतात आणि तो मोठा करतात.

निवृत्तीनंतर पवनीत राहायला आलो. तीन बाजूंना मातीचा जुना परकोट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं इथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा बौद्ध स्तूप उजेडात आला. म्हणजे दोन हजारांहून जास्त पावसाळे या जागेनं वस्तीसह पाहिले आहेत. परकोटावरून चालताना मी माणसांनी पाडलेल्या पायवाटा पाहतो. जिथे गवत टिकलं तिथे माती टिकली. जिथे पावलांनी गवत गेलं तिथे पाण्यानं घळ पाडली. डांबरी रस्त्याच्या कडेलाही हेच घडतं.

ही कड फार कमी लोक पाहतात. सगळ्यांचं लक्ष मधल्या काळ्या पट्ट्यावर. आमच्याकडे शेतकरी जमिनीला कन्हार, मोरांड, सिहार, खरडी अशी नावं देतात. कन्हार म्हणजे भारी काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तिच्यावरचा रस्ता दरवर्षी श्वास घेतल्यासारखा वरखाली होतो आणि पहिली भेग कडेला, लांबीच्या दिशेनं पडते. एप्रिल-मे महिन्यात ती भेग झाडून, कोरडी करून, गरम डांबरानं भरली तर काम तिथेच संपतं. एक बॅरल, चार माणसं, दोन दिवस. ती राहिली तर मृग लागल्यावर पाणी खालच्या मुरमात उतरतं, मुरूम मऊ पडतो आणि पुढच्या वर्षी नुसत्या भेगेऐवजी अख्खा थर उखडून करावा लागतो. भेग भरण्याच्या कामाचं भूमिपूजन होत नाही, फलक लागत नाही. म्हणून त्यासाठी पैसे मागायला गेलं की समोरचा माणूस नव्या डांबरीकरणाचं एस्टिमेट आणा म्हणतो. हे मी नोकरीभर ऐकलं आणि आजही ते मला लागतं.

1943 मध्ये देशभरचे मुख्य अभियंते नागपुरात जमले. राष्ट्रीय महामार्गापासून गावरस्त्यापर्यंतची प्रतवारी आणि वीस वर्षांचा आराखडा त्या बैठकीतून आला. आमच्याच विदर्भात झालेल्या त्या कामाचा मला अभिमान आहे. पण तेव्हापासून आपण किती किलोमीटर बांधले हे मोजत आलो. किती किलोमीटर वाचवले, हे मोजायची सवय आपल्याला लागली नाही.

खड्डा भरण्याची रीत साधी आहे, घाई मात्र चालत नाही. वेड्यावाकड्या खड्ड्याला आधी चौकोनी कापायचं, कडा सरळ उभ्या आणि खोली घट्ट थर लागेपर्यंत. धूळ ब्रशनं काढायची. तळाला आणि कडांना इमल्शनचा पातळ हात द्यायचा, मग मिश्रण थराथरानं भरून धुम्मसानं ठोकायचं. वरचा भाग रस्त्यापेक्षा किंचित उंच ठेवायचा, कारण चाकं तो बसवतात. पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात मुरूम टाकून वर गिट्टी पसरणं हे काम नव्हे. आठवड्यात ते सगळं नालीत जातं आणि नाली बुजली की पाणी पुन्हा रस्त्यावर येतं.

माझ्या हातूनही चूक झाली. एका गावात नळाच्या पाइपसाठी रस्ता खोदला होता. जून तोंडावर आलेला. चर पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर भिजवून आणि ठोकून भरायला हवी होती. मी एकदम भरू दिली आणि वरून डांबर ओढलं. तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी बैल ओढत निघाली, तर एका पोराच्या बैलाचं चाक त्या खचलेल्या चरीत अडकलं. बैल आडवा पडला, शिंगाचा बेगड निघाला. पोरगं रडलं नाही, नुसतं माझ्याकडे पाहत राहिलं. त्यानंतर चर भरताना मी स्वतः काठावर उभा राहिलो, प्रत्येक वेळी.

जुन्या वस्तीत आणखी एक दुखणं आहे. रस्ता खराब झाला की जुना थर न काढता त्यावर नवा चढवतात. दर वेळी दोन-चार बोटं. काही वर्षांत रस्ता वर आणि घराचा उंबरठा खाली जातो, मग पावसाचं पाणी थेट ओसरीत. अशा गल्लीत जुना थर खरवडून तेवढ्याच उंचीवर काम करायला हवं. गल्ली अरुंद असेल तर मला सिमेंटचे गट्टू आवडतात. पाइप दुरुस्त करायचा तर उचलता येतात आणि परत तेच बसवता येतात.

2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला महापूर आला. अशा पुरानंतर पाणी ओसरतं, रस्ता वरून धडधाकट दिसतो आणि लोकांना ट्रक सोडायची घाई होते. आतला मुरूम तेव्हा भिजलेल्या पोळीसारखा असतो. आठ-दहा दिवस जड वाहनं थांबवली तर तो वाळून पुन्हा उभा राहतो. हा खर्चच नाही, फक्त धीर आहे. आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. अमेरिकेत 1958 ते 1960 या काळात रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून हे तपासलं गेलं. म्हणून भरलेली एक टिप्पर शंभर मोटारींपेक्षा मला जास्त काळजीत टाकते.

रस्ता मध्ये उंच, कडेला उतरता हवा. सात मीटर रुंदीला मधून कडेपर्यंत जवळपास नऊ सेंटिमीटर. डोळ्याला हा उतार कळत नाही, पाण्याला कळतो.

म्हणून मृगाचा पहिला जोरदार पाऊस आला की मी छत्री आणि पिवळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन निघतो. नदीकडे उतरणाऱ्या गल्ल्यांतून चालतो. पाणी थबकलं की तिथे उभा राहून पुढे काय अडलंय ते बघतो. कधी नालीच्या तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी, कधी कुणी दारात टाकलेला वाळूचा ढीग. पिशवी हातानंच निघते. वाळूसाठी दार वाजवतो. "काका, भर पावसात?" असं घरातलं कुणी विचारतं आणि फावडं आणून देतं. जिथे डबकं राहतं तिथल्या भिंतीवर पाऊस उघडल्यावर पिवळी खूण करतो. मागच्या वर्षी सतरा खुणा झाल्या. यंदा त्यातल्या अकरा जागी पाणी थांबलं नाही.