ताडपत्री

माणसाच्या आयुष्यात निवड करण्याचे प्रसंग तसे थोडेच येतात. आईबाप निवडता येत नाहीत, भाऊ निवडता येत नाही आणि एकदा मास्तरकी पत्करली की विद्यार्थीही निवडता येत नाहीत. राहता राहिली बायको. पण तिथेही निवड मी केली की तिने, याचा निकाल आमच्या घरी अजून लागलेला नाही. त्यामुळे यंदा गणपतीचे विसर्जन झाले आणि दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाचा फोन आला, "दादा, गाडीला ताडपत्री घ्यायचीय. तू ये, तू निवड," तेव्हा मला आधी हसू आले आणि मग एकदम गप्प बसावेसे वाटले. हसू का आले ते लगेच सांगतो. गप्प का झालो ते सांगायला थोडा वेळ लागेल.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. वृत्ते, अलंकार, संतवाङ्मय यांविषयी कोणी काही विचारले तर मी तासभर बोलू शकतो. न विचारताही बोलतो, असे घरचे म्हणतात. पण ताडपत्री! वर्गातल्या छत्रीची काडी मोडली तरी मी शिपायाला हाक मारतो. भावाचे तसे नाही. तो भीमाशंकरच्या अलीकडे, डिंभे धरणाचे पाणी मागे टाकून पोखरीचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या आमच्या गावात राहतो. भात लावतो, नाचणी करतो, हिरडा गोळा करतो आणि दोन वर्षांपूर्वी घेतलेली एक जुनी पिकअप चालवतो. गावातला तांदूळ मंचरला, मंचरचे सिमेंट गावात, आणि श्रावणात भाविक. भाविकांना तो हौद्यात बसवत नाही. पुढे एकाच आजीला जागा देतो आणि तिच्याकडून भाडे घेत नाही.

मंचर ते भीमाशंकर हा रस्ता साठ-पासष्ट किलोमीटरांचा. पण पावसाच्या हिशेबाने पाहिले तर हे दोन वेगळे देश आहेत. मंचरला लोक आभाळाकडे तोंड करून पावसाची वाट पाहत असतात, त्याच दुपारी वर आमच्या गावात समोरचे घर दिसत नाही. भीमाशंकरचे रान दाट आहे, शेकरूसाठी १९८५ साली ते अभयारण्य झाले, यात्रेकरू त्याचे कौतुक करतात. पण ते रान ज्या पाण्यावर उभे आहे, त्या पाण्यात आम्हाला धान्य कोरडे ठेवायचे असते. देवळासमोरची ती पोर्तुगीज घंटा, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली म्हणून सांगतात, ती कितीही भिजली तरी तिचा नाद जात नाही. भाताचे आणि हिरड्याचे तसे नाही.

माझ्या लहानपणी झाकण्याचे प्रकार दोन. माणसावर इरले किंवा घोंगडी, आणि मालावर जे मिळेल ते. बांबूच्या कामट्यांचे, पानांनी शिवलेले इरले पाठीवर घेऊन बायका आवणीला वाकल्या म्हणजे लांबून शेतात कासवे उतरल्यासारखी दिसत. पोत्यांवर मात्र वैरण, बारदान, फाटकी चादर, काहीही. मग १९९८ साली, मी बारावी झालो त्या वर्षी, वडिलांनी ताडपत्री घेतली. जाड सुती, मेण लावलेली, हिरव्या रंगाची. त्या वेळी आमच्याकडे गाडी नव्हती, बैलगाडी होती. आणि बैलगाडीच्या मानाने ती ताडपत्री म्हणजे भिकाऱ्याला शालजोडी. आई तसे म्हणालीही. वडील म्हणाले, "पोराला शिकवायचं तर हिरडा भिजून चालायचा नाही."

हिरडा म्हणजे त्रिफळ्यातला एक, एवढेच पुष्कळांना ठाऊक असते. पण कातडी कमावायला आणि कापड रंगवायलाही तो लागतो, म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. आमच्याकडे चैत्र-वैशाखात बाळहिरडा काढतात. कोवळी, लहान फळे; उन्हात वाळवली की काळपट, टणक होतात. वाळलेल्या हिरड्याला पैसा. त्याच हिरड्यावर वळिवाची एक सर पडली की त्याला बुरशी धरते आणि व्यापारी पोत्यात हात घालून, काही न बोलता, मान हलवतो. आमच्या भागातल्या कित्येक घरांत वर्षाचा रोख पैसा म्हणतात तो हाच. माझी पाच वर्षांची फी, खोलीचे भाडे, एम.ए.ची पुस्तके, सगळे त्या हिरव्या कापडाखालून कोरडे निघून माझ्यापर्यंत पोचले. वडील गेले. ताडपत्री राहिली. भावाने तिला ठिगळे लावली, दर दिवाळीला उन्हात टाकून मेण चोळले.

त्या कापडाने आणखी एक काम केले. ३० जुलै २०१४ ला आमच्याच तालुक्यात माळीण गावावर डोंगर आला. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्या रात्री आमच्या गावातही कोणी भिंतीच्या आत निजले नाही. डोंगरापासून लांब, माळावर, चार बांबू रोवून भावाने ती ताडपत्री ताणली आणि तिच्याखाली आई, वहिनी, पोरे आणि शेजारची दोन म्हातारी माणसे बसून राहिली. मी त्या रात्री माझ्या स्लॅबच्या घरात होतो आणि फोन लागत नाही म्हणून चरफडत होतो.

आता गप्प का झालो, ते. यंदाच्या मार्चमध्ये माझ्या घराच्या गच्चीची डागडुजी निघाली. पुस्तकांची खोकी काढून गॅलरीत रचावी लागली. गावी गेलो होतो, ती ताडपत्री घडी घालून ठेवलेली दिसली. "नेऊ का रे महिनाभर?" मी विचारले. भाऊ म्हणाला, "ने की." काम महिनाभराने संपले. ताडपत्री पाठवायची राहून गेली. परीक्षा, पेपर तपासणी, कोणाचे लग्न. कारणे सगळी खरी होती, आणि माझ्या कारणांना नेहमी चांगले मराठी असते.

२०२५ चा मे महिना कोणी विसरणार नाही. पाऊस इतक्या लवकर आला की उन्हाळा म्हणायचे की पावसाळा, तेच कळेना. त्या दिवशी भावाने सकाळी फोन करून विचारले होते, "दादा, तुझ्या मोबाईलात बघ ना, आज काय म्हणतोय." मी पाहिले आणि म्हणालो, "संध्याकाळपर्यंत कोरडे आहे." दुपारी दोनला घाटात गाडीवर पाऊस कोसळला. पिकअपच्या हौद्यात गावातल्या तीन घरांचा हिरडा, वर एक प्लॅस्टिकचा कागद, तो वाऱ्याने पहिल्याच वळणावर नेला. गॅलरीत माझी पुस्तके मात्र कोरडी ठणठणीत होती. वडिलांच्या ताडपत्रीखाली.

भाऊ काही बोलला नाही. दुसऱ्या दोन घरांचे नुकसान त्याने स्वतःच्या खिशातून भरून दिले आणि मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी कर्ज काढले. हे मला जूनमध्ये कळले, तेही पुतणीच्या तोंडून, आणि तिलाही ते मला सांगायचे नव्हते.

तर अशा मनाने मी मंचरच्या बाजारपेठेत त्या दुकानाची पायरी चढलो. पैसे आपण द्यायचे, हे मनात पक्के होते. दुकानदाराने आमच्यापुढे थप्पी टाकली आणि माझे शिक्षण सुरू झाले. पहिला प्रकार विणलेल्या प्लॅस्टिकचा: निळी, पिवळी, काळी. हलकी, स्वस्त, एकट्याने घडी घालता येते. पण उन्हाने कडक होते आणि कोपऱ्यांतून चिरते. दुसरा, थरांवर थर बसवलेला गुळगुळीत प्रकार, हिला गावात सगळे सिलपोलीन म्हणतात. तिसरा ट्रकवाल्यांचा, कापडावर प्लॅस्टिकचा लेप दिलेला, जन्मभर टिकेलसा आणि उचलायला दोन माणसे लागतील असा. चौथा आमचा जुना, मेणाचा सुती.

"जीएसएम किती पाहिजे?" दुकानदाराने विचारले. मी भावाकडे पाहिले. भाऊ म्हणाला, "एक मीटर लांब, एक मीटर रुंद तुकडा किती ग्रॅम भरतो, ते." नव्वदापासून अडीचशेच्या पुढेपर्यंत आकडे होते. कवितेला असे माप असते तर पेपर तपासणे किती सोपे झाले असते, असे मला वाटून गेले. मी आपले ज्ञान म्हणून सांगितले की ताडपत्री या शब्दाचा ताडाच्या पानाशी संबंध नसावा. इंग्रजी ‘टारपॉलिन’ जिभेवर वळता वळता आपण त्याला ओळखीचा अंगरखा घातला असावा. ‘टार’ म्हणजे डांबर, जहाजावरचे खलाशी डांबर फासलेले कापड वापरत. दुकानदार अदबीने म्हणाला, "असेल सर. पण डांबराची आता येत नाही."

माझा एक विद्यार्थी टेक्सासात असतो. त्याला मी आदल्या रात्री फोन करून विचारले होते. तिकडे पिकअपच्या हौद्याला झाकणे मिळतात: घडीची, गुंडाळायची, अल्युमिनियमची, किल्लीने बंद होणारी. ऐकून मी थक्क झालो. भावाला सांगितले तेव्हा तो हसला. "दादा, ते झाकण काठाशी सपाट बसत असंल. आपला माल काठाशी सुरू होतो." खरेच होते. आपल्या पिकअपमध्ये पोती फाळक्याच्या वर दोन हात चढतात. मग पक्क्या पत्र्याचे छप्पर का नको, असे मी विचारले. तर उभे सामान चढत नाही, घाटात वारा धरते, आणि उन्हाळ्यात भाजी आत शिजते. जुन्नरकडचा टोमॅटो घट्ट प्लॅस्टिकखाली नारायणगावपर्यंत नेला तरी घामाने चिकट होतो. त्याला वारा लागतो. धान्याला वारा नको, पाणीही नको. एकच कापड सगळ्यांना पुरे पडायला हवे. सुती कापड भिजले की सूत फुगते आणि वीण मिटते, म्हणून पाणी अडते आणि तरी ते थोडा श्वास घेते. पण ओले घडी करून ठेवले की कुजते, आणि आषाढात आमच्याकडे वाळवायला ऊन आणायचे कुठून?

मग भावाने निवड केली. हो, त्यानेच. मी नुसता ‘बरोबर’, ‘बरोबर’ म्हणत होतो. त्याने एक थरांची ताडपत्री उजेडासमोर धरून भोके पाहिली, कडेच्या पट्टीत दोर शिवलेला आहे का ते चाचपले, पितळी कड्या अंगठ्याने ओढून पाहिल्या. मी हौद्याचे माप कागदावर लिहून नेले होते: नऊ फूट बाय साडेपाच, अधिक दोन्हीकडे सोडायला. भावाने कागद पाहिला आणि दुकानदाराला त्याच्या जवळजवळ दुप्पट माप सांगितले.

"एवढी कशाला रे?" मी विचारले.

"हौद्याचं माप नको, दादा. माणसांचं घे," तो म्हणाला. मला माळावरची ती रात्र आठवली आणि मी कागद खिशात घातला.

पैसे द्यायला मी पुढे झालो. त्याने माझा हात धरला. "पैसे मी देणार."

"मग मला बोलावलंस कशाला? मला यातलं काय कळतं?"

तो नोटा मोजत होता. मोजून झाल्या तेव्हा म्हणाला, "बाबांनी ताडपत्री आणली तेव्हा तुला बरोबर नेलं होतं. तू थोरला, तुला पावती वाचता येत होती. मला म्हणाले, तू गुरांकडं थांब. मला लई यायचं होतं." आणि दुकानदाराने दिलेली पावती त्याने माझ्या हातात ठेवली. "वाच."

मी वाचली. लांबी, रुंदी, रक्कम, तारीख. वर्गात मी बरेच काही मोठ्याने वाचले आहे, पण आवाज असा दगा देत नाही.

जुनी ताडपत्री मी बरोबर आणली होती. ती परत करताना एखादे वाक्य बोलायचे मी योजून ठेवले होते. ते त्याने बोलू दिले नाही. पिकअपच्या हौद्यात त्याने आधी ती पसरली, ठिगळे खाली करून. तिच्यावर सिमेंटची पोती चढली, आणि मग नवी वरून. "खाली ओल येते ना," तो म्हणाला. दोर ओढायला त्याने मला पलीकडच्या बाजूला उभे केले. गाठ कशी मारायची ते दोनदा दाखवले. माझी गाठ त्याने सोडून पुन्हा मारली, पण मी मान वळवीपर्यंत थांबला.

हे लिहितो आहे तेव्हा वर भात पिवळे होऊ लागले असेल. परतीचा पाऊस अजून जायचा आहे. संध्याकाळी पश्चिमेकडे वीज चमकली की पूर्वी मी उठून खिडकी लावीत असे. आता आधी फोन लावतो.

"बांधलीयस का रे?"

"बांधलीय, दादा."

मग खिडकी लावतो.