मराठी शब्दांचा खटला

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानातली पायवाट धरली. उजवीकडे राजाबाई टॉवर, समोर मुंबई उच्च न्यायालय. पावसाने धुतलेल्या काळ्या दगडाला पोरबंदरच्या फिकट दगडाची किनार. मधला मनोरा १७५ फुटांचा, दोन्ही अंगांना अष्टकोनी बुरूज, वर न्याय आणि दया यांचे पुतळे. न्यायाच्या जोडीला दयाही उभी केली, हे मला फार भावते.

१८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला आणि समुद्राकडे तोंड करून गॉथिक इमारतींची रांग उठली. १८६२ साली सुरू झालेल्या न्यायालयासाठी कर्नल जेम्स फुलर यांनी हे घर रचले. एप्रिल १८७१ ते नोव्हेंबर १८७८ बांधकाम चालले. लांबी ५६२ फूट! आत कमानींखालून चालताना खांबांवर नजर खिळते. वकिली बँड घातलेला कोल्हा, तराजू धरलेले आणि एका डोळ्यावर पट्टी असलेले माकड. खटला हरलेल्या कंत्राटदाराने सूड म्हणून ही शिल्पे कोरून घेतली, अशी आख्यायिका आहे.

पण मी आलो होतो दुसऱ्या मजल्यावरच्या मधल्या दालनासाठी. जुलै १९०८मध्ये इथे लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्यांच्या ‘केसरी’ वृत्तपत्रातले अग्रलेख मराठी, ज्युरींपुढे मात्र त्यांची इंग्रजी भाषांतरे. भाषांतराने मूळ अर्थ बिघडतो, हे टिळक स्वतःच्या बचावात पुन्हा पुन्हा सांगत होते. एकवीस तासांहून अधिक काळ ते बोलले. आपली भाषा अशी परक्या शब्दांत आरोपी होऊन उभी राहिलेली पाहणे त्यांना किती जड गेले असेल! खटला चालवणारे न्यायमूर्ती दावर यांनीच १८९७मध्ये वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. २२ जुलैच्या रात्री, नऊपैकी सात ज्युरींनी दोषी म्हटल्यावर, त्याच दावरांनी टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. निषेध म्हणून दुसऱ्या दिवसापासून मुंबईतल्या कापड गिरण्यांचा गिरणगाव सहा दिवस बंद राहिला.

शिक्षेपूर्वी टिळक जे बोलले, ते आता दालनाबाहेर संगमरवरात आहे. १९५६मध्ये मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी त्या पाटीचे अनावरण केले. मी बराच वेळ तिथे थांबलो. जवळच्या बाकावर गावाकडचे एक वयस्क जोडपे बसले होते. आजोबांच्या मांडीवर निकालाचा इंग्रजी कागद, आणि त्यांची तरुण वकील एकेका ओळीवर बोट ठेवून तो मराठीत समजावून सांगत होती.