उन्हाळी म्हणून सोडून दिलेलं

नांदेडहून लातूरला येताना जाऊबाई वाटभर पाणी प्यायल्या नाहीत. रस्त्यात धड स्वच्छतागृह नसतं म्हणून. रात्री म्हणाल्या, "लघवीला जळजळ होतीय, उन्हाळी लागली असंल." पाळी जाऊन त्यांना काही वर्षं झालीत, म्हणून मला काळजी वाटते.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं, योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं. मग जंतू नसतानाही जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं. पण हे महिनोन्‌महिने हळूहळू वाढतं, सोबत अनेकदा खाज असते. जंतुसंसर्ग बहुधा एक-दोन दिवसांत उसळतो: गढूळ, उग्र वासाची लघवी, ओटीपोटात कळ. थंडी-ताप आला, पाठीत कुशीला दुखलं, तर तो मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. लघवीत रक्त दिसलं तरी थांबू नये. कठीण हे, की त्याच कोरडेपणामुळे संसर्गही पुन्हापुन्हा होतो. म्हणून अंदाजाने गोळ्या नकोत. आधी लघवीची तपासणी आणि कल्चर.

पाणी कमी पिणं आमच्याकडे जुनंच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं. त्या टंचाईत आमच्या घरी सगळ्यांत कमी पाणी बायाच प्यायच्या. ती सवय अजून सुटलेली नाही, याचा मला राग येतो. आणि याचाही, की कोरडेपणावर डॉक्टरांच्या सल्ल्याने लावायचं इस्ट्रोजेनचं मलम मिळतं, हे जाऊबाईंना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.