खापरी ते नारी रोड : किरायाच्या खोलीचा शोध

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची आपली मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी नागपूरला निघाली की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो खोलीचा. कॉलेजात नंबर लागला, नोकरीचे पत्र आले, पण राहायचे कोठे? मग कोणाचा मावसभाऊ इंदोऱ्यात आहे, कोणाची आत्या रामेश्वरीला आहे, याची आठवण होते. चार दिवस पाहुणचार होतो. पाचव्या दिवसापासून खोलीचा शोध सुरू होतो. (नागपुरात घरभाड्याला किराया म्हणतात, हे बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो.)

हा शोध शहराच्या कोणत्या भागात कसा होतो ते पाहावे म्हणून मी एका रविवारी मेट्रोत बसलो आणि खापरीपासून कामठी रोडपर्यंत जागोजागी उतरत गेलो. ऑरेंज लाईनचा खापरी ते सीताबर्डी हा टप्पा 8 मार्च 2019 रोजी सुरू झाला आणि 11 डिसेंबर 2022 पासून गाडी थेट ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत जाऊ लागली. ही लाईन शहराला दक्षिणोत्तर छेदते. नवा रोजगार तिच्या दक्षिण टोकाला उभा राहिला आहे आणि आपला समाज मोठ्या संख्येने उत्तर टोकाला राहतो. मधल्या अंतरात किराया कसा चढतो आणि माणसाची विचारपूस कशी होते, हे पाहण्यासारखे आहे.

खापरीला उतरले की मिहान. टी.सी.एस., एच.सी.एल., इन्फोसिस यांची कार्यालये येथे आहेत, एम्स आहे. एम्सचे लोकार्पणही त्या 11 डिसेंबरलाच झाले. पण कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक माणसे येथे सफाईला, सुरक्षेला, कॅन्टीनला आणि बांधकामावर आहेत, आणि त्यांत आपली माणसे बरीच आहेत. बेसा, बेलतरोडीकडे एका मागून एक फ्लॅट स्कीम झाल्या. त्यांतला वन बी.एच.के. दोन पगार येणाऱ्या घरालाच झेपतो. त्यामुळे सिक्युरिटी गार्डचे कुटुंब तेथे राहत नाही. ते राहते बाबुलखेड्यात, रामेश्वरीत, नाहीतर उत्तर नागपुरात, आणि रात्रपाळी संपली की मेट्रोच्या पहिल्या गाडीची वाट पाहते.

अजनीपासून विद्यार्थ्यांचे राज्य सुरू होते. मेडिकल चौक, हनुमाननगर या भागात कॉटवर किराया चालतो. खोली एक, कॉट तीन किंवा चार, आणि पैसे कॉटप्रमाणे. जूनमध्ये ॲडमिशनची गर्दी झाली की किराया वाढतो. एप्रिल-मेमध्ये खोल्या रिकाम्या असतात तेव्हा मात्र तो उतरत नाही. नागपूरचा उन्हाळा ज्याने स्लॅबखालच्या खोलीत काढला आहे त्याला मी आणखी काय सांगणार? कूलर लावायला खिडकी आहे का, कूलरला पाणी कोठून घ्यायचे, विजेचे सबमीटर वेगळे आहे का, हे तीन प्रश्न किरायाच्या आकड्याआधी विचारावेत. पुष्कळदा दोन महिन्यांचे लाईट बिल एका महिन्याच्या किरायाइतके जाते आणि भांडण तेथेच सुरू होते.

येथे स्वाधार योजनेविषयी लिहिणे भाग आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना 2016-17 पासून सुरू झाली. तेव्हा मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी वर्षाला 60,000 रुपये ठरले. भोजनासाठी 32,000, निवासासाठी 20,000 आणि निर्वाहासाठी 8,000. म्हणजे निवासासाठी महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये झाले. एवढ्यात मेडिकल चौकाजवळ एकट्याची खोली मिळत नाही, कॉटही मुश्किलीने मिळते. शिवाय ही रक्कम खात्यावर येते ती कित्येकदा सत्र उलटून गेल्यावर, आणि घरमालक तर किराया पाच तारखेला मागतो. योजना चांगली आहे, तिचा लाभ घेतलाच पाहिजे. पण पहिले सहा महिने गावाकडून पैसे लागतील, हे धरूनच मुलाला पाठवावे.

राहाटे कॉलनी स्टेशनला उतरून मी दीक्षाभूमीला गेलो. 14 ऑक्टोबर 1956 रोजी ज्या भूमीवर बाबासाहेबांनी लाखोंना माणूसपण दिले, तिच्याभोवती आज शहरातल्या महागड्या वस्त्या आहेत. लक्ष्मीनगर, श्रद्धानंदपेठ, पलीकडे धरमपेठ. या भागात 'टू-लेट'च्या पाट्या आहेत आणि खोल्याही चांगल्या आहेत. फोनवर बोलणे गोड होते. मग विचारतात, "पूर्ण नाव सांगा." मेश्राम, गजभिये, रामटेके, वासनिक म्हटले की पुढचा प्रश्न येतो, "नॉनव्हेज खाता का?" त्यानंतर खोली कालच गेलेली असते, किंवा घरमालकाच्या पुण्याच्या मुलाला विचारायचे असते. जात कोणीच विचारत नाही. जेवणाचा प्रश्न मात्र जवळजवळ सर्वच विचारतात. आणि खरोखर शाकाहारी असलेल्या आपल्या मुलीलाही खोली मिळत नाही तेव्हा त्या प्रश्नाचा अर्थ कळतो. सगळे घरमालक असे नाहीत, हेही नमूद केले पाहिजे. याच भागात वर्षानुवर्षे राहणारी, घरमालकाच्या घरचे लग्नकार्य आपले समजणारी बौद्ध कुटुंबे आहेत.

हा अनुभव फक्त नागपूरचा नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व लगतच्या शहरांत याची मोजणी केली, ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. एकाच प्रकारचे काम आणि पगार सांगून उच्चवर्णीय, दलित आणि मुस्लिम नावांनी घरे मागण्यात आली. नुसत्या फोनवर शंभरांतल्या सुमारे 18 दलितांना आणि 31 मुस्लिमांना सरळ नकार मिळाला. आणखी कितीतरी जणांपुढे जादा किराया आणि जाचक अटी ठेवल्या गेल्या. ज्या आडनावाला आपण भितो, त्याच्याहून मुस्लिम बांधवाचे नाव अधिक दारे बंद करते, हेही आपण लक्षात घ्यावे.

आणि 1917 ची बडोद्याची हकीकत तर प्रत्येक घरी माहीत असावी. विलायतेहून शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानाच्या नोकरीवर रुजू झाले आणि त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा खाली करण्याचा हुकूम झाला. मित्रांकडेही सोय झाली नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी सार्वजनिक बागेत काढला. एवढा विद्वान माणूस, संस्थानाचा अधिकारी, आणि एका खोलीसाठी नोकरी सोडावी लागली. आपल्या मुलीला धरमपेठेतून परत यावे लागते तेव्हा तिला ही हकीकत सांगा. दोष तिच्यात नाही, हे तिला कळू द्या.

सीताबर्डी सोडली की गाडी गड्डीगोदाम, कडबी चौक, इंदोरा चौक, नारी रोड अशी आपल्या मुलखात शिरते. 2011 च्या जनगणनेत नागपूर शहरात बौद्धांची संख्या सुमारे साडेपंधरा टक्के होती आणि त्यांतला मोठा भाग या पट्ट्यात आहे. त्याला कारण गिरणी. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये सुरू झाली. पुढे मिलने इंदोऱ्यात कामगारांची वसाहत वसवली, घर बांधायला जागा आणि उचल दिली. बेझनबाग हे नाव मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांच्यावरून पडले. 2002 मध्ये मिल कायमची बंद झाली. पगार गेला, पण इंदोरा, पाचपावली, लष्करीबागेतली घरे राहिली. मग पुष्कळ कुटुंबांनी प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून वर एक मजला चढवला आणि तो किरायाने दिला. गिरणी कामगाराच्या विधवेला आज जो आधार आहे, तो या वरच्या खोलीचा आहे.

म्हणजे आपण आता किरायदारही आहोत आणि घरमालकही. मेट्रो आल्यापासून कामठी रोडलगतच्या गल्ल्यांत किराया वाढतो आहे. ऑटोमोटिव्ह चौकापासून पुढे कामठीमार्गे कन्हानपर्यंत लाईन नेण्यास 2022 च्या डिसेंबरात मंजुरी मिळाली, त्यामुळे तो आणखी वाढेल. इंदोऱ्यातल्या घरमालकाला चार पैसे जास्त मिळाले तर मला आनंदच आहे. पण आपल्याच वस्तीत लहान मूल असलेल्या जोडप्याला, एकट्या बाईला, मुस्लिम कुटुंबाला "नको" म्हणणारी दारे मी त्या रविवारी पाहिली, आणि त्याचा आनंद मला झाला नाही.

आपल्या वस्त्यांत दुसरी उणीव कागदाची आहे. "आपलाच माणूस आहे, कागद कशाला?" असे दोन्ही बाजू म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू आहे. त्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि अटींविषयी वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत किरायदाराचे म्हणणे ग्राह्य धरतात. किरायाची पावती देणे हेही घरमालकाचे काम आहे. नळ किंवा वीज तोडून किरायदाराला बाहेर काढता येत नाही. ज्या म्हाताऱ्या आईने वरची खोली दिली आहे तिलाही कागद हवा, नाहीतर वेळेवर खोली परत मिळवताना तीच अडचणीत येते. मुद्रांक एकूण किरायाच्या पाव टक्का लागतो, शहरात नोंदणी फी हजार रुपये, आणि हे काम घरबसल्या ऑनलाईनही होते. ज्या वस्तीत संगणक चालवणारी मुले आहेत, त्या वस्तीच्या विहारात रविवारच्या वंदनेनंतर दोन तास हे काम करून देता येईल. हा कागद स्वाधारच्या अर्जाला, गॅसच्या कनेक्शनला, बँकेच्या खात्याला, मुलाच्या शाळेला लागतो.

नारी रोडला उतरलो तेव्हा दिवे लागले होते. स्टेशनजवळच्या गल्लीत विजेच्या खांबाला पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर खडूने लिहिले होते : एक खोली, किचन, कूलरला खिडकी, नळ दोन वेळ, कोणत्याही समाजाचे चालेल. खाली फोन नंबर होता आणि त्याखाली लहान अक्षरांत 'ॲग्रीमेंट करून देऊ'.