कासवीची नजर

आमच्या वाशीमला समुद्र नाही. वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म म्हणून नांदलेल्या या गावात देवळे आहेत, पद्मतीर्थ आहे. पण ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असे पाणी पाहायचे म्हटले, तर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र आडवा कापून जावे लागते. त्यामुळे कासव म्हटले की मला आठवते ते सभामंडपातले दगडी कासव. त्याला नमस्कार करायचा आणि गाभाऱ्याकडे वळायचे, एवढीच आमची ओळख.

दुसरी ओळख पोटापाण्याची. मी कॉलेजात मराठी शिकवतो. कासवी पिलांना पाजत नाही, कुशीत घेत नाही; ती एका काठावर, पिले दुसऱ्या काठावर, आणि नुसत्या नजरेने ती त्यांना वाढवते, हा संतांचा आवडता दृष्टांत. देवाची कृपादृष्टी समजावून सांगताना गेली अठरा वर्षे मी ही कासवी वर्गात आणतो आहे. एकदा घरी हेच पुराण लावले असता आमच्या सहावीतल्या कन्येने विचारले, "बाबा, तुम्ही पाहिलीय का ती?"

या प्रश्नाला मराठीच्या प्राध्यापकाजवळ उत्तर नसते. म्हणून गेल्या मार्चमध्ये होळीची सुट्टी जोडून आम्ही तिघे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला निघालो.

पुण्यापर्यंत रात्रभराची बस, मग ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळा आणि बागमांडला. इथे सावित्रीची खाडी फेरीबोटीतून ओलांडायची. मोटारीसुद्धा बोटीत चढतात हे पाहून आमच्या सौभाग्यवतींनी माझा दंड जो धरला, तो पलीकडे वेसवीला पाय टेकल्यावरच सोडला. पुढे बाणकोटचा किल्ला, आणि मग नारळी-पोफळीत दडलेले वेळास. हे नाना फडणविसांचे मूळ गाव. आम्ही उतरलो त्या घरच्या काकूंनी केळीच्या पानावर जेवायला वाढले. मी ठेचा मागितला तेव्हा त्यांनी सोलकढीची वाटी पुढे केली आणि विषय संपवला.

वेळासच्या किनाऱ्यावर आम्ही गेलो तेव्हा भेळेच्या गाड्या नव्हत्या, घोडे नव्हते, दिव्यांच्या माळा नव्हत्या. मागे सुरूची झाडे, पुढे ओली वाळू, आणि त्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी काढलेली गोळ्यागोळ्यांची रांगोळी. कन्या ती चुकवत लंगडी घातल्यासारखी चालू लागली. वाटेतल्या दुसऱ्या एका किनाऱ्यावर उत्साही मंडळी वाळूत मोटारी गरगर फिरवताना आम्ही पाहिली होती, आणि खरे सांगायचे तर मला तेव्हा त्यात मौजच वाटली होती. इथल्या राखणदाराला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, चाकाच्या एका चाकोरीत पिलू पडलं, तर त्याला ती विहीरच. आणि खाली अंडी असली तर वाळू अशी दबते की वर यायलाच नको."

या राखणीची कथा ऐकण्यासारखी आहे. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेची, म्हणजे भाऊ काटदरे यांची, मंडळी समुद्रगरुडाच्या मागावर या बाजूला आली होती. गरुड वर, पण त्यांची नजर गेली खाली, वाळूतल्या अंड्यांच्या टरफलांकडे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे इथे अंडी घालत, आणि माणसे, कोल्हे, कुत्री ती उकरून नेत. कायदा १९७२ पासून होता. पण रात्री तीन वाजता वाळूवर पहारा द्यायला कायदा येत नाही. संस्थेने गावाशी बोलून गावातलीच माणसे राखणीला घेतली. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरोघरी उतरू लागले, आणि जे अंडे खाण्याच्या उपयोगाचे होते ते जपण्याच्या उपयोगाचे झाले. पुढे वनखातेही यात आले. पोटाशी जोडलेले पुण्य टिकाऊ असते, असे माझे मत आहे. सौभाग्यवतींना ते फार व्यवहारी वाटते.

हंगामात राखणदार पहाटेच्या आत किनारा पालथा घालतो. पाण्यातून वर आलेला आणि परत गेलेला माग दिसला की घरटे सापडते. दीड-एक फूट खोल खड्डा, त्यात पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची शंभर-सव्वाशे अंडी. ती हलक्या हाताने काढून, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची आणि वर तारखेची पाटी लावायची. पन्नास-पंचावन्न दिवस सूर्याने तापलेली वाळूच त्यांना उबवते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक, थंड राहिली तर नर अधिक. दिवस भरत आले की घरट्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून पाहतात.

पहिल्या संध्याकाळी टोपल्यांखाली काही नव्हते. दुसऱ्या सकाळीही नाही. मुंबईहून आलेले एक गृहस्थ "मग आम्ही एवढ्या लांबून आलो ते?" म्हणून चिडले. राखणदाराने शांतपणे टोपली परत पालथी घातली.

दुसऱ्या संध्याकाळी टोपलीखाली वाळू हलत होती. एकेक काळपट जीव, तळहातात मावेल एवढा. दोरीच्या अलीकडे आम्ही सगळे, पलीकडे पाण्यापासून काही पावलांवर त्यांना सोडले. पाण्यातच का सोडत नाहीत? कारण ती वाट त्यांनी स्वतः चालायची असते. मोठी झालेली मादी पुन्हा आपल्या जन्माच्या मुलखाकडेच अंडी घालायला येते. लाटेने एकाला उलटे केले तेव्हा कन्या दोरीखालून धावणार होती. तिच्या आईने तिला धरले. पिलू आपणहून सुलटे झाले.

बहुतेक पिले गेली. अंधारून आले. एक मागे राहिले होते. माझी चप्पल वाळूत कुठे गेली म्हणून मी मोबाइलचा दिवा लावला, आणि ते पिलू थांबले, वळले, आणि समुद्राकडे पाठ करून माझ्याकडे चालू लागले.

"दिवा विझवा, सर!" राखणदार ओरडला.

क्षितिजावरचा उजेड तोच समुद्र, एवढेच त्या जिवाला ठाऊक. मी चप्पल शोधणारा प्राध्यापक त्याचा समुद्र होऊन बसलो होतो. मी दिवा विझवला. अंधारात आम्ही श्वास धरून उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ते परत फिरले.

घरी परतताना मी कासवीबद्दल विचारले. रात्री येते, म्हणाला. दोन फुटांची, पस्तीस-चाळीस किलोंची. अंडी घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळते. हे ऐकून माझ्यातला मराठीचा मास्तर सावरून बसला. पण ते पाणी म्हणजे अंगातले जास्तीचे मीठ. मग ती खड्डा बुजवते, अंगाने वाळू थोपटते आणि निघून जाते. पुन्हा घरट्याकडे येत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली, एवढा तिचा प्रवास! पण पिलांकडे तिने एकदाही पाहिलेले नसते.

"म्हणजे नजर वगैरे काही नाही," कन्या म्हणाली. मी गप्प राहिलो.

राखणदाराने अंगणातल्या दिव्याखाली वही उघडली. तारीख, घरट्याचा क्रमांक, सोडलेली पिले चव्वेचाळीस.

"ते शेवटचं धरलंत का?" मी विचारले.

त्याने बोटाने आकडा दाखवला. "धरलं. पाण्यात शिरेपर्यंत बघत होतो ना."

मग त्याने वही मिटली आणि बॅटरीवर लाल कागद गुंडाळून पहाऱ्याला पुन्हा वाळूकडे निघाला. कन्या त्याच्यामागे फाटकापर्यंत गेली. सकाळी साडेपाचला उठवशील का, असे तिने मला तीनदा विचारले.